कंपाउंड धनुष्य: वेग किती, नेम किती

कंपाउंड धनुष्याच्या माहितीपत्रकावर सर्वांत ठळक छापलेला आकडा वेगाचा असतो: ३२०, ३४०, ३५० फूट प्रतिसेकंद. दोन धनुष्ये शेजारी ठेवली की नवख्याचे बोट मोठ्या आकड्याकडे वळते. आकडा खरा असतो, पण तो बहुतेकदा दुसऱ्याच माणसाचा असतो. प्रचलित पद्धतीत धनुष्याचे वजन (म्हणजे ओढण्याचा कमाल भार) ७० पाउंड, ड्रॉ लेन्थ (दोरी ओढण्याची लांबी) ३० इंच आणि बाण ३५० ग्रेनचा, म्हणजे पाउंडाला ५ ग्रेन, असे धरून वेग मोजतात. ३० इंचांची ड्रॉ लेन्थ नैसर्गिकरीत्या ज्याला लागते, त्याची उंची साधारण सव्वासहा फूट असते. शिवाय जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमांनुसार स्पर्धेत कंपाउंडचे कमाल वजन ६० पाउंड असावे लागते. म्हणजे ज्या वजनावर तो वेग मोजला, ते वजन घेऊन स्पर्धेच्या रेषेवर उभेच राहता येत नाही.

३४० चा आकडा घेऊन मैदानापर्यंतचा हिशेब मांडता येतो. तिरंदाजाची ड्रॉ लेन्थ २८ इंच असेल तर इंचाला सुमारे १० फूट या दराने २० फूट गेले; उरले ३२०. वजन ७० ऐवजी ५५ पाउंड ठेवले की आणखी ३५ ते ३७ फूट जातात. स्पर्धेचा बाण ३५० ऐवजी ३७० ग्रेनचा असला तर सहा-सात फूट, आणि दोरीवर पीप (पाहायचे छिद्र) व डी-लूप (दोरी पकडायचा छोटा फास) चढवले की चार-पाच फूट कमी होतात. हाती राहतात सुमारे २७० फूट. ड्रॉ लेन्थ २६ इंच आणि वजन ४५ पाउंड असलेल्या मुलीच्या हातात तेच धनुष्य हलक्या बाणासह अडीचशेच्या आतबाहेर वेग देते. म्हणून दोन धनुष्यांच्या छापील आकड्यांत १५ फुटांचा फरक दिसला, तरी प्रत्यक्ष वापरात तो दहा-बारा फुटांवर येतो. आणि त्या दहा-बारा फुटांसाठी काय मोजावे लागते, ते पत्रकात छापलेले नसते.

वेगाची ही ओढ आली ती शिकारीतून. अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या होलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये कंपाउंड धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते त्यांना मिळाले. धनुष्याच्या दोन्ही टोकांना केंद्रापासून किंचित सरकवलेली चाके बसवायची, ही त्यांची कल्पना. त्यामुळे ओढताना मध्यावर भार सर्वाधिक होतो आणि पूर्ण ओढल्यावर तो झपकन उतरतो. कमी भार धरून नेम धरता येतो, तरी बाणाला मिळणारी ऊर्जा साध्या धनुष्यापेक्षा जास्त असते. अमेरिकेत आजही या धनुष्यांचा मोठा ग्राहक शिकारी आहे. दोरी सुटल्याचा आवाज बाणाच्या चौपट वेगाने जातो आणि हरीण बाण पोचण्याआधीच दचकून खाली दबते, म्हणून तिथे एकेका फुटाची किंमत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. इथला खरेदीदार कागदाच्या लक्ष्यावर मारणारा असतो, मात्र पत्रक तो शिकाऱ्याचे वाचत असतो.

कागदाचे लक्ष्य नेमके कसे आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. कंपाउंडची मैदानी स्पर्धा ५० मीटरवर होते. लक्ष्याचा कागद ८० सेंमीच्या मापाचा, त्यातील ५ ते १० गुणांची वर्तुळे छापलेली. दहाचे वर्तुळ ८ सेंमी व्यासाचे, म्हणजे त्रिज्या अवघी ४ सेंमी. पात्रता फेरीत ७२ बाण, कमाल ७२० गुण. बाद फेरीच्या सामन्यात १५ बाण, कमाल १५०, आणि रिकर्व्हप्रमाणे सेट नाहीत. गुणांची सरळ बेरीज होते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळे याने अंतिम सामना १५० विरुद्ध १४९ असा जिंकला. साताऱ्याच्या अदिती स्वामीने, वयाच्या १७ व्या वर्षी, महिलांचा सामना १४९ विरुद्ध १४७ असा घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात शांघायच्या विश्वचषकात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९–१४८ असे हरवले. पंधरा बाणांत एक बाण बोटभर सरकला की सामना जातो, इतकीच जागा या खेळात असते.

या ४ सेंमींमध्ये वेग काय करतो? हवेचा विरोध बाजूला ठेवून हिशेब केला तर २७० फुटांनी सुटलेला बाण ५० मीटरला सुमारे ०.६१ सेकंदात पोचतो आणि त्या काळात १.८ मीटर खाली येतो. ३०० फुटांचा बाण ०.५५ सेकंदात पोचतो, घसरण दीड मीटरच्या आसपास. फरक ३३-३४ सेंमीचा, ऐकायला मोठा. पण अंतर पक्के ५० मीटर आहे. साइटचा स्क्रू काही खाचा फिरवला की दोन्ही बाण दहातच जातात. ज्ञात अंतरावर सपाट मार्गाचा फायदा साइटच्या पट्टीवर एकदाच जमा होतो आणि तिथेच संपतो. वाऱ्यात वेगवान बाण कमी वेळ राहतो हे खरे, पण वेग वाढवण्यासाठी बाण हलका केला असेल तर तोच हलका बाण वाऱ्याने अधिक ढकलला जातो आणि वाटेत वेगही लवकर गमावतो. बाहेरच्या मैदानावर जाणकार बारीक, तुलनेने जड आणि टोकाकडे भार असलेले बाण वापरतात ते याचसाठी.

अंतर अज्ञात असेल तेव्हा मात्र वेगाची खरी किंमत कळते. थ्री-डी प्रकारात जंगलात किंवा टेकडीवर प्राण्यांचे फोमचे पुतळे ठेवलेले असतात, आणि कंपाउंडला ४५ मीटरपर्यंतचे अंतर डोळ्यांनी ओळखावे लागते. ४० मीटरवरच्या पुतळ्याचा अंदाज ३ मीटरने चुकला तर २७० फुटांचा बाण सुमारे ८.७ सेंमी वरखाली लागतो आणि ३०० फुटांचा ७ सेंमी. तीस फूट वेगाने पावणेदोन सेंमी वाचले. थ्री-डी खेळणारा हे पावणेदोन सेंमी आनंदाने विकत घेईल, आणि घ्यावेतच. तरीही लक्षात घ्यावे की अंदाज ३ मीटरऐवजी २ मीटरने चुकवण्याची सवय लावली, तर मंद धनुष्यानेच तीन सेंमी वाचतात, तेही फुकट.

वेगापेक्षा त्याचे सारखेपण अधिक मोलाचे आहे आणि त्याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. २७० फुटांच्या बाणाचा वेग एका फुटाने बदलला तर ५० मीटरवर तो सुमारे १.३ सेंमी वर किंवा खाली लागतो. तीन फुटांचा फरक पडला की ४ सेंमी. मधोमध लागणारा बाण दहाच्या रेषेवर येऊन बसतो. वेगात तीन फुटांचा फरक पडायला फार काही लागत नाही. एकाच संचातील दोन बाणांच्या वजनात ५ ग्रेनचा, म्हणजे तांदळाच्या मोठ्या चिमटीइतका, फरक असला तर दीड फुटाहून अधिक वेग बदलतो. सोडण्याच्या क्षणी दोरी भिंतीपासून, म्हणजे ओढीच्या शेवटच्या टोकापासून, ३ मिलिमीटर पुढे सरकली, तर ढोबळ हिशेबाने आणखी एक-सव्वा फूट जातो. एका बाणाला दोन्ही चुका एकत्र आल्या की दहा काठावर. वेग २७० आहे की २८५, याने काहीच फरक पडत नाही. प्रत्येक बाण त्याच वेगाने जातो की नाही, याने पडतो.

आडव्या दिशेचा हिशेब याहून कठोर आहे. पीप आणि साइट यांच्यात साधारण ९० सेंमी अंतर असते. पीपच्या मध्यापासून नजर एक मिलिमीटर सरकली तर ५० मीटरवर नेम साडेपाच सेंमी हलतो. म्हणून धनुष्याची निवड करताना पहिला प्रश्न असा: पूर्ण ओढलेल्या स्थितीत डोळा, पीप आणि साइट यांची रेषा ओढाताण न करता जिथल्या तिथे बसते का?

त्याचे उत्तर ड्रॉ लेन्थमध्ये आहे, आणि बहुतेक चुकीच्या खरेद्याही तिथेच होतात. दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोकांमधले अंतर इंचांत मोजायचे आणि २.५ ने भागायचे, हा सुरुवातीचा अंदाज. ६७ इंच आले तर ड्रॉ लेन्थ २७ च्या थोडी आत. हा फक्त अंदाज असतो. मान लांब की आखूड, खांदे रुंद की अरुंद, रिलीज (दोरी सोडायचे साधन) कोणते, डी-लूप किती मोठा, यांनी तो अर्धा इंच इकडेतिकडे होतो. गडबड अशी की अर्धा इंच वाढवला की पाच फूट वेग वाढतो आणि दुकानातल्या क्रोनोग्राफवर तो दिसतो. लांब ड्रॉ लेन्थमुळे होणारे नुकसान तिथे दिसत नाही, ते मैदानावर दिसते. अर्धा इंच लांब धनुष्य घेतलेला तिरंदाज बाजूने पाहिला तर कमरेतून मागे रेललेला असतो. पुढच्या हाताचे कोपर ताठ होऊन आत वळलेले, दोरी ओठांच्या कडेऐवजी गालावर मागे गेलेली, पीपात पाहण्यासाठी मान मागे ओढलेली. पहिले चार-पाच एंड (सहा-सहा बाणांच्या खेपा) हे सगळे निभावून जाते. आठव्या एंडपासून पुढचा खांदा वर चढू लागतो, स्कोपमधला ठिपका सोनेरी वर्तुळावर न थांबता वरून खाली, खालून वर डोलू लागतो, आणि बाण सुटतो तो ठिपका मध्यावरून जात असताना, थांबलेला असताना नाही. तिरंदाज म्हणतो, हात थकला. हात थकलेला असतोच, पण त्याचे कारण वजनात नसून लांबीत असते.

थोडे आखूड धनुष्य थोड्या लांब धनुष्यापेक्षा बरे, असे अनेक प्रशिक्षकांचे मत आहे आणि ते मान्य करायला हरकत नाही. आखूड धनुष्याची दुरुस्ती डी-लूप किंचित लांब करून होते. लांब धनुष्याची तशी होत नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी ड्रॉ लेन्थ कशी बदलते हे विचारून घ्यावे. काही धनुष्यांत कॅमवरचे, म्हणजे टोकाच्या चाकावरचे, मॉड्यूल फिरवून अर्ध्या-अर्ध्या इंचाने लांबी बदलते, काहींत प्रत्येक मापाचे मॉड्यूल वेगळे विकत घ्यावे लागते, आणि काहींत पूर्ण कॅमच बदलावा लागतो. वाढत्या वयाच्या मुलासाठी पहिला प्रकार सोडून दुसरा विचार करू नये. चौदाव्या वर्षी घेतलेले धनुष्य सोळाव्या वर्षी निरुपयोगी होणे परवडणारे नाही.

ड्रॉ लेन्थ ठरली की वजन. ६० ही नियमाची मर्यादा आहे, ध्येय नव्हे. योग्य वजनाची चाचणी कोणत्याही यंत्राशिवाय होते. खुर्चीवर बसून, दोन्ही पाय जमिनीवर, धनुष्य लक्ष्याच्या दिशेने सरळ धरून ओढावे. ओढताना धनुष्य आकाशाकडे उचलावे लागले किंवा खांदा कानाजवळ आला, तर वजन जास्त आहे. ओढून वीस-पंचवीस सेकंद धरावे आणि बाण न सोडता सावकाश परत आणावे. परत आणताना धनुष्याने हात हिसकून पुढे नेला, तर तेही वजन जास्त असल्याचे, किंवा कॅम फार तिखट असल्याचे, लक्षण. ७२ बाणांच्या फेरीआधी सरावाचे बाण असतात आणि नंतर सामने. दिवसाला शंभरावर वेळा हे ओढावे लागते. पाच पाउंड कमी केल्याने बारा-तेरा फूट वेग जातो, पण शेवटच्या एंडचा बाण पहिल्या एंडसारखाच सुटतो.

कॅम म्हणजे धनुष्याच्या टोकांवरची ती विचित्र आकाराची चाके, आणि वेग व नेम यांच्यातली खरी ओढाताण तिथेच असते. ओढण्याचा आलेख मनात आणला तर गुळगुळीत, गोलाकार कॅममध्ये भार हळूहळू चढतो, थोडा वेळ माथ्यावर राहतो आणि हळूहळू उतरतो. वेगवान कॅममध्ये भार सुरुवातीलाच कड्यासारखा चढतो, जवळजवळ शेवटपर्यंत माथ्यावर टिकतो आणि मग खड्ड्यात पडल्यासारखा कोसळतो. आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे साठलेली ऊर्जा. दुसऱ्या प्रकारात ते अधिक, म्हणून वेग अधिक. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. ओढताना खांद्यावर भार लवकर येतो. आणि भार कोसळल्यानंतरची सपाट जागा, जिला तिरंदाज व्हॅली म्हणतात, ती अरुंद होते. अरुंद व्हॅलीत पाठीचे स्नायू क्षणभर सैल पडले तरी धनुष्य पुढे पळू पाहते. काही कसलेल्या तिरंदाजांना हे आवडते, कारण त्यांना सतत मागे ओढत राहायची सवय असते आणि आळस लगेच पकडला जातो. तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंतच्या तिरंदाजाने मात्र रुंद व्हॅलीचा कॅम घ्यावा.

व्हॅलीच्या पलीकडे भिंत असते. दोरी आणखी मागे येत नाही, ती जागा. काही धनुष्यांत कॅमवरची खुंटी केबलला अडते, तेव्हा भिंत किंचित मऊ लागते. काहींत खुंटी लिम्बला, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्याला, अडते, तेव्हा ती दगडासारखी लागते. कोणती चांगली, यावर वाद घालण्यात वेळ जातो. एकच पाहावे: दहा वेळा ओढले तर भिंत दहाही वेळा त्याच जागी, त्याच स्पर्शाने जाणवते का? दोन्ही कॅम एकाच क्षणी भिंतीला लागतात का, हेही दुसऱ्या माणसाकडून बाजूने पाहून घ्यावे. एक कॅम आधी लागत असेल तर जोड बिघडलेली आहे आणि बाणाचा मागचा भाग वरखाली होतो.

लेट-ऑफ म्हणजे भिंतीवर भार किती टक्के कमी होतो ते माप. ६० पाउंडाला ७५ टक्के असेल तर हातात १५ पाउंड राहतात, ८५ टक्के असेल तर ९. नऊ पाउंड धरणे सोपे असते, म्हणून जास्त लेट-ऑफ ही सोय वाटते. शिकाऱ्याला प्राणी वळेपर्यंत मिनिटभर धरून थांबायचे असते, त्याला ती सोय आहेच. लक्ष्यभेदात मात्र हातात फार कमी भार राहिला की दोरी सैल वागते, गालाचा किंवा नाकाचा हलका स्पर्शही तिला सरकवतो, रिलीज सुटताना हाताचा झटका बाणापर्यंत पोचतो. स्पर्धेत १५ ते २० पाउंड धरणारे तिरंदाज जास्त दिसतात ते यामुळे.

ब्रेस हाइट, म्हणजे न ओढलेल्या धनुष्यात ग्रिपच्या खोलीपासून दोरीपर्यंतचे अंतर. ६ इंच असेल तर धनुष्य वेगवान, ७ किंवा अधिक असेल तर चुका पोटात घालणारे, असा संकेत रूढ आहे. संकेत बरोबर आहे. त्याचे सांगितले जाणारे कारण मात्र अर्धवट आहे. ब्रेस हाइट कमी असल्याने बाण दोरीवर अधिक वेळ राहतो आणि म्हणून हाताची चूक त्याला अधिक लागते, असे सांगतात. बाण दोरीवर असतो तो एकूण सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग. शेवटचा एक इंच तो जवळजवळ पूर्ण वेगाने कापतो, त्याला लागतो सेकंदाचा तीन हजारावा भाग. एवढ्यात हात फारसे काही करू शकत नाही. कमी ब्रेस हाइटच्या धनुष्यात बहुधा कॅमही तिखट असतो, दोरी पुढच्या हाताच्या जवळ येऊन बाहीला किंवा मनगटाला लागण्याची शक्यता वाढते, आणि ग्रिपमध्ये झालेली पिळवट अधिक जाणवते. सगळे मिळून धनुष्य नखरेल होते. व्यवहारात ७ इंचांच्या आसपास राहावे. फुल स्लीव्ह, थंडीतले जाकीट, छातीवरचा पट्टा यांचा विचार करता तेच शहाणपणाचे.

दोन्ही कॅमच्या आसांमधली लांबी लक्ष्याच्या धनुष्यांत साधारण ३६ ते ४० इंच असते, शिकारीच्या धनुष्यांत २८ ते ३४. लांब धनुष्य जड असते, सावकाश हलते, आणि पूर्ण ओढल्यावर दोरीचा कोन उघडा राहतो. पीप सरळ डोळ्यासमोर येते, नाकाचे टोक दोरीला सहज टेकते. आखूड धनुष्यात दोरी तिरकी होते, पीपचे भोक लंबगोल दिसते, चेहऱ्यावर टेकायच्या खुणा कमी होतात. तरीही लांबी ड्रॉ लेन्थशी जुळवून पाहावी. २६ इंच ओढणाऱ्या मुलीला ४० इंची धनुष्याची गरज नसते. ३४ ते ३७ मध्ये तिचा कोन तेवढाच उघडा राहतो आणि हातातले ओझे कमी होते. नुसत्या धनुष्याचे वजन चार-पाच पाउंड असते, त्यावर साइट, स्कोप, रेस्ट, लांब आणि आखूड स्टॅबिलायझर, त्यांची वजने चढली की सात-आठ पाउंड सहज होते. दुकानात नुसते धनुष्य धरून पाहिलेले वजन हे खरे वजन नव्हे.

वेग हवाच असेल तर तो बाणात शोधावा, धनुष्यात नव्हे. बाण बदलणे स्वस्त असते आणि उलटवता येते. मर्यादा दोन. पाउंडाला ५ ग्रेनपेक्षा हलका बाण लावू नये. फार हलक्या बाणाने धनुष्याची ऊर्जा बाणात न जाता लिम्ब, कॅम आणि दोरीत परत जाते, आणि बाण न लावता दोरी सोडण्याने जसे धनुष्य फुटते तसा धोका उभा राहतो. दुसरी मर्यादा स्पाइनची. स्पाइन म्हणजे २८ इंच अंतरावर टेकवलेल्या बाणाच्या मधोमध १.९४ पाउंडाचे वजन टांगले तर तो किती वाकतो ते माप. अर्धा इंच वाकला तर ५००. तिखट कॅम आणि जास्त वजन यांना कडक बाण लागतो, कडक बाण बहुधा जड असतो, म्हणजे विकत घेतलेला वेग थोडा परत जातो. मैदानी फेरीसाठी पाउंडाला साडेसहा-सात ग्रेनच्या आसपासचा बाण ठेवणे बहुतेकांना मानवते. इनडोअर १८ मीटरच्या फेरीत वेगाचा काहीच संबंध नाही. तिथे दहाचे वर्तुळ २ सेंमीचे असते आणि तिरंदाज ९.३ मिलिमीटर या परवानगीच्या कमाल जाडीचे, जड, मंद बाण मुद्दाम वापरतात, कारण जाड बाणाची कड रेषेला लवकर टेकते. माइक श्लोसरने २०१५ च्या जानेवारीत नीममध्ये १८ मीटरवर ६० बाणांत ६०० पैकी ६०० गुण मिळवले ते अशाच फेरीत.

निवड दोन धनुष्यांवर येऊन थांबली की चाचणी मैदानावर घ्यावी, आणि गटाचा सुंदर फोटो काढून ठरवू नये. दोन्ही धनुष्यांना त्याच वजनावर, त्याच ड्रॉ लेन्थवर आणून, कागदातून बाण मारून फाटलेल्या भोकाचा आकार पाहावा. भोक गोल आणि तीन पिसांच्या खुणा सारख्या आल्या की पुढे जावे. मग ५० मीटरवर प्रत्येक धनुष्याने सहा-सहा बाणांचे सहा एंड, दोन वेगळ्या दिवशी, धनुष्यांचा क्रम बदलून. वहीत गुणांच्या शेजारी प्रत्येक एंडमधला सर्वांत वाईट बाण लिहावा: कुठे लागला, किती गुण. सर्वोत्तम बाण दोन्ही धनुष्यांचे सारखेच येतात. वाईट बाण कोणत्या धनुष्याने सातवर नेला आणि कोणत्याने नऊवर सांभाळला, एवढ्यावरच निवड ठरते. शक्य असेल तर क्रोनोग्राफवर एकाच धनुष्याचे बारा बाण मारून सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातला फरक नोंदवावा. सरासरीकडे दुर्लक्ष केले तरी चालेल.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. दोरी बदलायला, पीप बसवायला, कॅमची जोड दुरुस्त करायला बो-प्रेस लागते, आणि ती प्रत्येक तालुक्यात नसते. जवळच्या क्लबमध्ये किंवा प्रशिक्षकाकडे कोणत्या बनावटीच्या धनुष्याला चालणारी प्रेस आहे, सुटे मॉड्यूल आणि दोऱ्या किती दिवसांत मिळतात, हे पाहून बनावट ठरवावी. पंधरा फूट अधिक वेगाचे धनुष्य दोरी येईपर्यंत महिनाभर कपाटात पडून राहिले तर राज्य स्पर्धेला ते शून्य वेगाचे. विदर्भातल्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत धनुष्य ठेवले की दोरी ताणली जाते, कॅमची जोड हलते, पीप फिरते. लिम्बचे थर सुटण्याचीही भीती असते. वेगवान धनुष्यात ताण आधीच जास्त असल्याने अशा हलगर्जीपणाला ते कमी क्षमा करते.

वापरलेले धनुष्य घ्यायचे झाल्यास कापसाचा बोळा लिम्बच्या कडांवरून फिरवावा. कुठे धागा अडकला तर तिथे तडा आहे आणि ते धनुष्य ओढूनही पाहू नये. दोरीवर गुंडाळलेला धागा विस्कटला असेल तर नव्या दोऱ्या-केबलचा खर्च किमतीतून वजा करावा. कॅमच्या कडेला ओरखडे किंवा वाक असेल तर धनुष्य रिकामे सोडले गेल्याची शंका घ्यावी. कॅमवर किंवा लिम्बवरच्या चिठ्ठीत ड्रॉ लेन्थ आणि वजनाच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, विक्रेत्याच्या शब्दापेक्षा त्या खऱ्या मानाव्यात. शिकारीचे ६०–७० पाउंडांचे लिम्ब असलेले धनुष्य पूर्ण सैल करून ६० च्या आत आणता येते, पण तिथे ते काठावर उभे असते. पंचांच्या तराजूवर अर्धा पाउंड जास्त भरला तर दोष तिरंदाजाचाच. स्पर्धेसाठी ५०–६० किंवा ४०–५० चे लिम्ब असलेले घ्यावे.

धनुष्य घरी आले, जोडले, बाण जुळले, ड्रॉ लेन्थ पक्की झाली, की मगच वेग मोजावा. थ्री-डी आणि फील्ड खेळणाऱ्याला तो आकडा साइटची पट्टी छापण्यासाठी लागतो: दोन अंतरांवरची खूण आणि बाणाचा वेग दिला की मधल्या सगळ्या अंतरांच्या खुणा मोबाइलवरच्या गणकातून निघतात. फक्त ५० मीटर खेळणाऱ्याला एकच खूण पुरते. त्याने वेग वहीत एका कोपऱ्यात लिहून ठेवावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजावा. आकडा तीन-चार फुटांनी उतरला असेल तर दोरी ताणली आहे किंवा कॅमची जोड हलली आहे, असे समजून धनुष्य प्रेसवर न्यावे.